लेकीच्या गावचं पाणी

टोकियोला जाऊन आलेल्या माणसाने काय काय सांगायचं असतं, हे आता ठरून गेलंय. गाड्या मिनिटाच्या ठोक्याला येतात. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि गंमत म्हणजे कचऱ्याचा डबाही दिसत नाही. गाडीत मोबाइलवर कोणी बोलत नाही. संडासात पाऊल टाकलं की झाकण आपोआप उघडतं आणि आपण दचकतो. हे सगळं खरं आहे हो. मीही दचकले. पण जपानवर आपल्याकडे इतक्या जणांनी लिहून ठेवलंय की त्यात मी आणखी काय भर घालणार? तेव्हा ते सगळं तुम्ही वाचलेलं आहे असं धरून पुढे जाते.

मला तिथे पहिल्या आठ दिवसांत जे दिसलं ते जरा निराळं होतं. आणि तेच का दिसलं, हे सांगायला आधी तुम्हाला महाडला आणायला हवं.

महाड म्हटलं की बाहेरच्या माणसाला रायगड आठवतो, नाहीतर १९२७च्या सत्याग्रहाचं चवदार तळं. आम्हा महाडकरांना पाणी म्हटलं की आधी पूर आठवतो. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते, पोलादपूरवरून आमच्याकडे येते, गावाशी तिला गांधारी मिळते, आणि खालून बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत येते. वरून डोंगराचं पाणी, खालून समुद्राचं. दोन्ही एका वेळेला आलं की मधे आम्ही.

२२ जुलै २०२१चा पूर तसाच होता. आमचं घर जुनं, एकमजली. जिन्याला सतरा पायऱ्या. हे आणि मी वरच्या खोलीत विजेरी घेऊन बसलो होतो आणि जिन्यात उजेड टाकून पायऱ्या मोजत होतो. चौथी गेली. सातवी गेली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम दहावी. चौदाव्या पायरीवर पाणी थांबलं. खाली कपाटं एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता, तो अजून कानात आहे. त्याच दिवशी संध्याकाळी तळीयेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही तेच. त्यामुळे आमचं काय गेलं, हे आम्ही कधी कोणाला फारसं सांगितलं नाही. भांडी, कपाटं, माझी तीस वर्षांची पुस्तकं. बस्स.

पण तेव्हापासून माझं मोजमाप मीटर-फुटात राहिलं नाही. पायरीत आलं.

आणि तेव्हापासूनच लेकीचा धोशा सुरू झाला. ती टोकियोला. दर रविवारी फोन, आणि दर फोनच्या शेवटी, "आई, घर विका. पुण्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्या. मला इथे जुलै आला की झोप लागत नाही." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "घर आपलं आहे, नदीचं नाही." मी मधल्या मधे. खरं सांगायचं तर रोज वेगळं वाटायचं. ऊन पडलं की ह्यांचं पटायचं, आभाळ भरून आलं की लेकीचं.

२०२४च्या जूनअखेर तिचं दुसरं बाळंतपण होतं. बाळंतपण काही मोसम बघून येत नाही! मिरग लागायच्या तोंडावर मी निघाले. हे काही आले नाहीत. पावसाळ्यात घराला कुलूप लावायचं नाही, हा ह्यांचा नियम. म्हणजे साठी उलटलेला माणूस पुराच्या गावात एकटा आणि मी साता समुद्रापलीकडे. विमानात बसले तेव्हा डोक्यात टोकियो नव्हतंच. खालच्या कपाटातल्या डाळी-तांदूळ वर नेऊन ठेवले की नाही, हे होतं.

विमानतळावरून दोन गाड्या बदलून जावयांनी मला तोझाई नावाच्या लाइनच्या गाडीत बसवलं. ही गाडी शहराच्या पोटातून धावते आणि एका ठिकाणी एकदम वर उजेडात येते. बघते तर खाली पाणी! आमच्यासारख्या सावित्रीकाठच्या बाईला पुलावर आलं की आपोआप खाली बघायची सवय असते. पूल संपता संपेना. भली थोरली नदी, दोन्ही बाजूंना गवताचे उंच बांध, आणि बांधाच्या पलीकडे घरं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने लक्षात आलं. घरांचे तळमजले दिसतच नव्हते. बांधाच्या आड होते. म्हणजे नदी वर आणि घरं खाली.

पूल संपला की लगेच लेकीचं स्टेशन, निशि-कासाई. हा एदोगावा वॉर्ड. टोकियोतले हिंदुस्थानी लोक इथे फार. साधारण २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामाला आपली मुलं तिकडे गेली, कचेऱ्या ह्याच लाइनवर, सरकारी वसाहतीत भाड्याने घर मिळायला खटपट कमी, म्हणून एकामागून एक इथेच राहिली. स्टेशनाबाहेर पहिल्याच दुकानात पोहे, हिंग, कोकम सरबत. आणि मागून आवाज, "अगं, कढीपत्ता घेतलास का?" इतक्या लांब येऊन पहिलं वाक्य ऐकलं ते कढीपत्त्याचं. ह्याच वॉर्डात २०१९ साली आपले अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते, आणि पुढे २०२३ मध्ये ते एका जपानी सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, त्यामुळे नगरसेवकापेक्षा मला मुख्याध्यापकाचं कौतुक जास्त.

शहर मोठं आहे, म्हणजे किती मोठं, ते एकदाच कळलं. शिंजुकूला सरकारी इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर फुकट चढता येतं. वरून जिकडे बघावं तिकडे घरंच घरं, डोंगर लागेपर्यंत. मी दादरची गर्दी पाहिलेली आहे, पण ह्या गर्दीला आवाज नाही, त्यामुळे ती जास्त वाटते. असो. मी तिथे लेकीचं करायला गेले होते, शहर बघायला नव्हे. माझं टोकियो म्हणजे पाचवा मजला, खालची बाग, भाजीचं दुकान आणि नातवाची शाळा.

नातू पहिलीत. डोक्यावर पिवळी टोपी घालून एकटा चालत जातो. पहिल्या दिवशी मी त्याच्या मागे मागे लपत गेले, ते त्याला कळलं आणि तो रागावला. शाळेत प्रत्येक मुलाच्या खुर्चीवर एक चौकोनी गादी असते. मला वाटलं, थंडीसाठी असेल. नातवाने ती उचलली, मधे दुमडली आणि डोक्यावर घातली. टोपडंच! भूकंप झाला की ही डोक्यावर घ्यायची आणि बाकाखाली शिरायचं. रोज ज्यावर बसायचं तेच डोक्यावर घ्यायचं, म्हणजे शोधत बसायला नको. मी एकतीस वर्षं पोलादपूर तालुक्यातल्या शाळांवर काढली. मला ती गादी बघून काय वाटलं ते सांगता येत नाही.

आणखी एक. रोज संध्याकाळी पाच वाजता वस्तीतल्या खांबांवरच्या कर्ण्यांतून एका बालगीताची चाल वाजते. चाल फार गोड, जराशी उदास. मला वाटलं, मुलांनी खेळ आटपून घरी जावं म्हणून असेल. तेही आहेच. पण जावई म्हणाले, "आई, हे कर्णे संकटाच्या सूचनेसाठी आहेत. ते चालू आहेत ना, हे ह्या गाण्यामुळे रोज कळतं." आमच्याकडे पावसाळ्यात भोंगा वाजला की पोटात गोळा येतो, कारण तो फक्त पाण्यासाठीच वाजतो. इथे त्याच कर्ण्यातून रोज गाणं.

आता मुख्य गोष्ट. एका दुपारी नदीकाठाने फिरता फिरता जावई आम्हाला पुलापलीकडच्या कोतो वॉर्डात घेऊन गेले. तिथे एक उंच खांब होता. त्यावर वेगवेगळ्या उंचीला पट्टे. एक पट्टा रोजच्या भरतीचा. त्याच्या वर १९४९च्या वादळाचं पाणी कुठवर आलं होतं तो, आणि त्याहून वर १९१७चा. भरतीचा पट्टा माझ्या डोक्याच्या वर होता! म्हणजे मी कोरड्या रस्त्यावर उभी आणि बांधापलीकडचा समुद्र माझ्या डोक्याच्या वर. बाजूने एक आजीबाई सायकलवरून भाजी घेऊन गेल्या. त्यांनी खांबाकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी लेकीला विचारलं, तर तिने पोट सावरत ड्रॉवर उघडला आणि एक जाड घडीचा नकाशा काढून दिला. एदोगावा वॉर्डाने २०१९ साली हा नकाशा घरोघर वाटला. ती मंडळी इथे राहायला आली तेव्हाही त्यांच्या हातात पडला होता. मुखपृष्ठावर वॉर्डाचं चित्र, त्यातून बाहेर जाणारे बाण आणि मोठ्या अक्षरात एक वाक्य.

"काय लिहिलंय गं?"

"लिहिलंय, इथे असून चालणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मोठा पूर यायचा असेल तर वॉर्डात थांबू नका. बाहेर निघा."

"हे छापलंय कोणी?"

"वॉर्डानेच."

"ज्याला तू कर भरतेस त्या?"

"हो, त्याच."

मी बराच वेळ तो नकाशा बघत बसले. वॉर्डाची सात दशांश जमीन भरतीच्या पातळीखाली. पावसाचं पाणीसुद्धा पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं. साधारण सात लाख माणसं राहतात. सगळ्यात वाईट पूर आला तर कुठल्या गल्लीत किती मीटर पाणी, ते रंगांनी दाखवलेलं. काही ठिकाणी दहा मीटर. आणि पाणी चढलं तर एक-दोन आठवडे उतरणार नाही, हेही लिहिलेलं. लेकीच्या इमारतीवर बोट ठेवलं. रंग तीन मीटरच्या वरचा. मनात हिशेब केला. आमच्या चौदाव्या पायरीपेक्षा वर.

इतकी वर्षं साठलेलं माझ्या तोंडून निघून गेलंच. "मग मला सांग, घर कोणी विकायचं?"

ती हसली नाही. म्हणाली, "आई, आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत, आणि घर भाड्याचं आहे. पण ते सोड. आम्हाला दोन दिवस आधी सांगतील. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्हाला कळलं ते पाणी अंगणात आल्यावर. शेजारच्या मुलाने हाक मारली म्हणून.

तिथल्या लोकांना हा नकाशा आवडला असेल असं समजू नका. त्या वाक्यावर तेव्हा तिकडेही बरीच चर्चा झाली. आणि माझ्या मनात आला तो प्रश्न साधाच आहे. सात लाख माणसं निघा म्हटलं तर निघणार कुठे? ऑक्टोबर २०१९च्या मोठ्या वादळात हजारो लोक शाळांमधून जाऊन बसले, बाकीचे घरीच राहिले. माणूस इथूनतिथून सारखाच, घर सोडत नाही. ह्यांना सांगितलं तर ह्यांना फार आनंद झाला. "बघ! जपानीसुद्धा!"

त्या नदीचंही मला नंतर कळलं. तिचं नाव अराकावा. तिथले जुने हिंदुस्थानी म्हणतात, ती बघून गंगेची आठवण येते. मी मात्र फसलेच की, कारण ती नदी माणसांनी खणलेली आहे! १९१०मध्ये मोठा पूर आला, त्यानंतर जुन्या नदीचं पाणी शहराबाहेरून न्यायला त्यांनी बावीसेक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद नवीन पात्र खणलं. १९२४ मध्ये त्यात पाणी सोडलं, काम पुरं व्हायला १९३० उजाडलं. त्यावर काम करणारा एक इंजिनिअर, अकिरा आओयामा, आधी पनामा कालव्यावर राबून आला होता. त्यासाठी गावंच्या गावं उठवली होती, हेही सांगायला हवं. आणि एवढं करूनही पुढे कारखान्यांनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की जमीनच खचली. ती काही पुन्हा वर येत नाही. म्हणजे हे लोक जन्मतः शहाणे आहेत असं काही नाही. चुका आमच्यासारख्याच केल्या. फक्त चुकीची उंची खांबावर रंगवून ठेवली.

जुलैत बाळ तीन आठवड्यांचं झाल्यावर जावयांनी मला आणि नातवाला कासुकाबेला नेलं. लेकीपाशी तिची एक नागपूरची मैत्रीण बसली. कासुकाबे टोकियोच्या उत्तरेला, शेतीच्या भागात. तिथे जमिनीखाली पाणी साठवायचा हौद आहे. हौद म्हणायचं आपलं, देऊळच ते. उतरायला एकशे सोळा पायऱ्या. माझे गुडघे, आणि माझी मोजायची सवय! खाली अठरा मीटर उंचीचे एकोणसाठ खांब, एकेक पाचशे टनांचा. आजूबाजूच्या लहान नद्या फुगल्या की त्यांचं पाणी खोल विहिरींतून खाली घेतात, जमिनीच्या पन्नास मीटर खालून सव्वासहा किलोमीटर बोगद्यातून इथवर आणतात, आणि पंपाने एदो नावाच्या मोठ्या नदीत सोडतात. १९९३ला सुरू केलेलं काम २००६ला पुरं झालं. दाखवणारा माणूस जपानीत बोलत होता, जावई हळू आवाजात मराठीत सांगत होते. जमिनीवर ओला चिखल होता. त्याला जो वास होता, तो मी ओळखला. आमच्या खालच्या खोलीत ऑगस्टभर तोच वास होता. अख्ख्या टोकियोत ओळखीचा वाटलेला तो एक वास.

नातू खांबाला हात लावून म्हणाला, "आजी, महाडला असं का नाही?" मुलं असंच विचारतात. मी म्हटलं, महाडला डोंगर आहेत, समुद्राची भरती आहे, गाव केवढंसं, एवढे पैसे कोण घालणार. हे सगळं खरंच आहे. असा हौद महाडला हवा असं माझं म्हणणंही नाही. आमच्या नदीतला गाळ वेळच्या वेळी निघाला तरी पुष्कळ झालं. २०२१ नंतर ते काम हाती घेतलं गेलं, तेवढा फरक आम्हालाही जाणवतो.

त्याच जुलैच्या सात तारखेला रायगडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला. पायऱ्यांवरून धबधबा कोसळतोय आणि माणसं कठड्याला धरून उभी आहेत, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी तो टोकियोत बाळाला मांडीवर घेऊन पाहिला. लगेच ह्यांना फोन. "अगं, गडावर आहे, इथे काही नाही." पुढचे पंधरा दिवस मी दोन घड्याळांवर जगले. तिथे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. माझी रात्र झाली की इथे संध्याकाळचा पाऊस सुरू.

एका रात्री ग्रुपवर आकडा आला. सावित्रीची महाडची इशारा पातळी सहा मीटर आणि धोका पातळी साडेसहा, हे आम्हाला पाठ आहे. जिल्ह्याकडून पावसाळ्यात रोज आकडे येतात. आमच्याकडे आकडे नाहीत असं मुळीच नाही. ह्यांना फोन लावला.

"अजून सहाच्या आत आहे," हे म्हणाले.

"सहा म्हणजे आपल्या कितव्या पायरीला?"

पलीकडे शांतता.

"म्हणजे काय?"

"नदीत सहा मीटर झालं की आपल्या घरात किती?"

"ते कोणाला माहीत? ते घराघराचं वेगळं."

खरंच, ते कोणाला माहीत? आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. पण त्या कागदावर. बांधकामाची परवानगी काढायला गेलं की त्यांची आठवण होते. माझ्या उंबऱ्याशी येऊन कोणी सांगितलेलं नाही की बाई, तुझ्या घरात सातवी पायरी म्हणजे तिथे इतके मीटर. लेकीच्या त्या नकाशाने नेमकं तेवढंच केलं होतं. नदीतला आकडा घराच्या दाराशी आणून ठेवला होता.

मग मला आमचा काळा धोंडा आठवला. पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या पहिल्या शाळेजवळून एक पऱ्या वाहायचा. निम्मी मुलं पलीकडच्या वाडीतली. पहिल्याच पावसात तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं होतं, "बाई, तो काळा धोंडा बुडाला की पोरं सोडा. मग अर्धा तास मिळतो." मी सात वर्षं तेच केलं. वर्गातून खिडकीबाहेर बघत पाढे म्हणून घ्यायचे आणि धोंडा दिसेनासा झाला की शाळा सुटली. एकदाही तो धोंडा खोटा ठरला नाही. माझी बदली झाली तेव्हा नवीन गुरुजींना मी हजेरीपत्रक, खडूंचा साठा आणि तो धोंडा, तिन्ही सोपवलं. पुढे त्यांनी कोणाला सोपवला का, ठाऊक नाही. ते बाबाही आता नाहीत.

ऑगस्टच्या मध्याला वादळ आलं. जपानी लोक वादळांना नंबर देतात, ते त्या वर्षीचं सातवं. सोळा तारखेला जवळून जाणार, हे दोन-तीन दिवस आधीपासून टीव्हीवर. टोकियो ते नागोया बुलेट ट्रेन सोळाला दिवसभर बंद राहणार, हे आदल्या दिवशीच जाहीर. पाऊस सुरूही झाला नव्हता! लेकीने नकाशा काढून टेबलावर ठेवला. पिशवी भरली. बाळाचे लंगोट, दुधाची पावडर, कागदपत्रं, विजेरी. जावयांनी आंघोळीचा टब पाण्याने भरून ठेवला. मी देवाला दिवा लावला. ज्याला जे येतं ते.

आणि काही झालं नाही. वादळ समुद्रावरूनच वर सरकलं. वारा सुटला, पाऊस झाला, सकाळी ऊन पडलं. कोणी कोणाला बोल लावला नाही, की उगाच घाबरवलं म्हणून. टबातलं पाणी झाडांना घातलं आणि पिशवी पुन्हा कोपऱ्यात.

त्या सकाळी गॅलरीत उभी होते आणि मला २ ऑगस्ट २०१६ची रात्र आठवली. सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल अंधारात वाहून गेला, तेव्हा मागून येणाऱ्यांना पूल नाही हे कळायला मार्ग नव्हता. एसटीच्या दोन गाड्या आणि बाकीची वाहनं त्या पाण्यात गेली. माझ्या ओळखीचं त्यात कोणी नव्हतं. पण आमच्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी त्या वेळच्या एसटीने त्या पुलावरून गेलेला आहे. पुढे जेमतेम दहा महिन्यांत नवीन पूल उभा राहिला, म्हणजे करायचं म्हटलं की आपल्यालाही येतं. पण गाडी आधी थांबवणं आणि पूल नंतर बांधणं, ह्यांतलं पहिलं किती स्वस्त! नकाशा, खांब, रंगाचा डबा, आणि एका दिवसाचा खाडा.

निघायच्या आदल्या रात्री लेक पुन्हा घराचं काढेल असं वाटलं होतं. तिने काढलं नाही. नुसतं विचारलं, "आई, बाबांना पोहता येतं ना?" मी म्हटलं, "येतं गं." त्यावर दोघी बराच वेळ काही बोललो नाही. घर विकायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. ह्यांचं वय वाढतंय, जिना तोच आहे. ह्या जुलैत ती पुन्हा म्हणेल, आणि तिचं चूक आहे असं मी आता म्हणणार नाही. आणि माझंही तिला सांगून झालंय की तो नकाशा ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही, भिंतीला लावायचा.

गणपतीच्या आधी आठवडाभर घरी पोचले. ह्यांनी डाळी-तांदूळ खरोखरच वर नेऊन ठेवले होते, फक्त उंदरांना सोयीचं होईल असे. मखराची तयारी चालू असताना मी टेप काढली. चौदाव्या पायरीच्या कडेला भिंतीत अजून पाण्याची रेघ आहे, दोनदा चुना मारूनही ती वर येते. ती रेघ आम्ही दोरी धरून दारापर्यंत आणली, तिथून जोत्यापर्यंत मोजलं, मग जोतं धरून रस्त्यापर्यंत. दहा फूट दोन इंच. समोरच्या विजेच्या खांबावर मी खडूने खूण केली, हात पुरेना म्हणून स्टूल आणावं लागलं. गल्लीतली पोरं जमली. समोरच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अहो बाई, आमच्याकडे याहून वर होतं, माळ्याला लागलं होतं." "मग धरा टेप," मी म्हटलं. त्यांच्या मागोमाग कोपऱ्यावरचे दुकानदारही आले, त्यांना २००५चं पाणीही आठवत होतं.

पाऊस थांबलेला होता तेवढ्यात ह्यांनी चपला घातल्या आणि विचारलं, "रंग कुठला आणू? आणि साल मराठी आकड्यात घालायचं ना?"